तीन ओळींचा कागद

लेफ्टनंट करिष्मा सोनकांबळे डेपोत रुजू झाली त्या दिवशी तिला सॅल्यूट ठोकणारी चाळीस माणसं होती, आणि तिच्याच टेबलाच्या खणाची किल्ली कुणाकडं असते हे तिला ठाऊक नव्हतं. चेन्नईच्या अकादमीत ती दोरावर चढायला शिकली होती, नकाशा वाचायला शिकली होती, पाठीवर ओझं घेऊन चाळीस किलोमीटर चालून वर हसायलाही शिकली होती. रजेचा अर्ज कुठून निघतो, कुणाकुणाच्या टेबलावर थांबतो आणि शेवटी कुणाच्या सहीनं माणूस घरी जातो, हे मात्र तिला धड येत नव्हतं. शिकवलं असेलही. पण तो तास दुपारच्या जेवणानंतर असायचा, आणि त्या तासाला अख्खी तुकडी डोळे उघडे ठेवून झोपायची.

डेपो लहानसा होता. देहूरोडच्या अलीकडं, जुन्या हायवेपासून आत, तंबू-बूट-ब्लँकेटांची आणि गाड्यांच्या सुट्या भागांची गोदामं. तिच्याबरोबरच्या कुणाला तेजपूर लागलं, कुणाला लेह. हिला लागलं थेरगावपासून बारा किलोमीटर. पहिलीच पोस्टिंग इतकी घराजवळ सहसा मिळत नाही. तिची आई रंभा ही गोष्ट शेजारपाजारी सांगायचंच टाळायची. डांगे चौकात भाजी घेताना कुणी विचारलं, पोरगी कुठं असते, की ती नुसतं “मिलिटरीत” म्हणून पुढं सरकायची. बारा किलोमीटर म्हटलं की लोकांना वाटणार, पोरगी अजून शिकतेच आहे.

आणि खरं सांगायचं तर पोरगी शिकतच होती. शिकवत होते सुभेदार ज्ञानदेव बोरगे.

सैन्यात एक गमतीचा रिवाज आहे. अठ्ठावीस वर्षं नोकरी झालेला सुभेदार कालच अधिकारी झालेल्या पोरासोरांना उठून सॅल्यूट करतो, आणि ती पोरंसोरं त्याला ‘साहेब’ म्हणतात. दोघांनाही त्यात काही कमीजास्त वाटत नाही. ज्ञानदेव पुनावळ्याचे. त्यांच्या भावकीच्या शेतात आता वीस-वीस मजल्यांच्या इमारती उभ्या होत्या, पण बोलणं तेच राहिलं होतं. चारचौघांत ते हिंदीत बोलत. खोलीत दोघंच असली की त्यांचं मावळ बाहेर यायचं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिच्यापुढं कागदांचा गठ्ठा ठेवला. “मॅडम, सह्या.” तिनं भराभर अकरा सह्या केल्या. ज्ञानदेवांनी गठ्ठ्यातून एक कागद अलगद ओढून काढला आणि तिच्यासमोर धरला. ती गेल्या वर्षीच्या वर्तमानपत्रांची यादी होती.

“ह्यावर तुमी मंजुरी दिलीया,” ते शांतपणे म्हणाले. “आता ह्यो फाडतो. बाकीचे धा वाचा.”

तिचे कान तापले. तिनं दहाही कागद वाचले, आठव्यात एक चुकीची तारीखही सापडली. ज्ञानदेव म्हणाले, “बराबर.” पुढं तिच्या लक्षात आलं की या माणसाच्या तोंडून ‘शाब्बास’ कधी निघत नाही. सगळ्यात मोठं कौतुक म्हणजे हे ‘बराबर’, आणि तेही आठवड्यातून एखादवेळा.

हुकमाची साखळी त्यांनी तिला जिन्यावर समजावली होती, गोदामाच्या लोखंडी जिन्यावर. “हुकूम वरनं खाली येतो, एकेक पायरी. गाऱ्हाणं खालनं वर जातं, ते बी एकेक पायरी. जवान हवालदाराला सांगनार, हवालदार मला, मी तुमाला, तुमी मेजरसाहेबांना. तुमी उगं चार पायऱ्या उतरून थेट जवानाला हो म्हनलात, तर मधल्यांना म्हाईत कसं व्हनार?” तिनं मान डोलावली. मनात मात्र म्हणाली, जुन्या माणसांना प्रत्येक गोष्टीला उशीर करायची हौसच असते.

कारण ती वेगळ्या शाळेत शिकली होती. तिचे वडील धम्मरत्न हे उदगीरकडून आलेले, चाकणच्या एका कंपनीत लाइन लीडर. त्यांच्या हाताखाली तीस माणसं. लहानपणी रविवारी घरी ओव्हरटाइमवाल्यांचे फोन यायचे. कुणाची आई दवाखान्यात, कुणाच्या गावाला लग्न. वडील सगळं ऐकून घ्यायचे आणि शेवटी चारच शब्द बोलायचे, “जा तू. मी बघतो.” पलीकडच्या माणसाचा जीव भांड्यात पडल्याचं फोनमधूनही कळायचं. आपण मोठेपणी असंच माणूस व्हायचं, हे करिष्मानं आठवीत असतानाच ठरवलं होतं.

रुजू होऊन सात आठवडे झाले, तेव्हाची गोष्ट. बुधवार होता. संध्याकाळी पाचच्या सुमाराला ती गोदामाकडून परतत होती तेव्हा गाड्यांच्या शेडपाशी लान्स नायक समाधान उभा दिसला. बीडकडचा, पंचविशीतला, डेपोतला सगळ्यात हुशार ड्रायव्हर.

“मॅडम, एक बोलू का?”

“बोल की.”

त्याची बायको विजयश्री पोलीस भरतीला उतरली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे भोसरीच्या मैदानावर तिची मैदानी चाचणी, धावणं आणि गोळाफेक. मुलगी आठ महिन्यांची. तिला सांभाळायला बीडहून सासू येणार होती, ती ऐनवेळी तापानं पडली. किवळ्यात भाड्याची खोली, शेजारचे दोघं नवराबायको पहिल्या शिफ्टला जाणारे.

“लेकराला धरायला माणूस नाही बघा, मॅडम. ती आत धावंल तवर मी गेटाबाहेर लेकरू घेऊन थांबतो. अकराला हजर होतो.”

“अर्ज दिलास?”

“सकाळीच हवालदारांकडं दिलाय. अजून वरून काही आलं नाही. आता पाच वाजले.”

करिष्माला स्वतःची मैदानं आठवली. अकादमीत जाण्याआधी ती पहाटे थेरगावातून धावायची, आणि पहिली शिफ्ट सोडून दुसरी घेतलेले वडील कोपऱ्यावर तिची बॅग आणि पाण्याची बाटली घेऊन उभे असायचे. कुणीतरी बॅग धरली म्हणून ती धावली होती. विजयश्रीचं तर लेकरूच होतं.

“जा तू,” ती म्हणाली. “मी बघते.”

समाधाननं सॅल्यूट ठोकला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. करिष्मा मेसकडं चालत गेली ती अगदी हलकी होऊन. ती गोष्ट नंतर विसरली असं नाही. तिला फक्त वाटलं, अधिकाऱ्यानं हो म्हटलं म्हणजे झालं की. आता बघायचं काय राहिलंय?

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला मेजर जयदीप यांनी तिला बोलावून हातात स्टॉपवॉच दिलं. जयदीप हे तिचे थेट वरिष्ठ, मोजकं बोलणारे. “सातला आगीची घंटा वाजणार आहे. सराव. कुणाला सांगितलेलं नाही. कर्नलसाहेब स्वतः येतायत. तू वेळ घे.”

बरोबर सातला घंटा झाली. माणसं चहाचे मग टाकून पळाली. पाइपवाले आले, बादल्यावाले आले, शिडी आली. आगीचा बंब मात्र शेडमध्ये जिथल्या तिथं उभा. एक मिनिट गेलं, दोन गेली. कर्नलसाहेब हात मागं बांधून बंबाकडं पाहत होते. करिष्माच्या हातातलं घड्याळ पुढं पळत होतं.

“ड्रायव्हर कोण आहे?” मेजरांनी विचारलं.

हवालदारानं भिंतीवरचा ड्यूटीचा तक्ता पाहिला. “लान्स नायक समाधान, साहेब. पहाटे पाचपासून बंबावर पाहिजे होता. गैरहजर आहे.”

त्या आठवड्याला समाधान बंबावर होता. तक्ता तिच्या ऑफिसच्या बाहेरच लावलेला होता; रोज सकाळी ती त्याच्यासमोरून जायची. तिनं विचारलं नव्हतं, आणि पोटात लेकराची काळजी घेऊन उभ्या राहिलेल्या समाधानलाही ते सांगायचं सुचलं नव्हतं. मॅडमना माहीतच असणार, असं धरून तो निश्चिंत गेला होता.

शेवटी स्वयंपाकघरातून दुसऱ्या ड्रायव्हरला पळवत आणलं. बंब बाहेर निघाला तेव्हा घड्याळात सात मिनिटं वीस सेकंद झाली होती. अडीच मिनिटांचं काम. कर्नलसाहेब म्हणाले, “खरी आग असती तर एक गोदाम गेलं असतं,” आणि गाडीत बसले. तेवढ्या वेळात करिष्माला एक वाक्य बोलता आलं असतं. ती बोलली नाही. पुढं कितीतरी दिवस तिला त्या सात मिनिटांपेक्षा त्यानंतरच्या अर्ध्या मिनिटाची लाज वाटत राहिली.

गैरहजेरी म्हणजे काय, हे तिला दोन तासांत चांगलंच कळलं. बंबावरचा माणूस गैरहजर म्हणजे कर्नलसाहेबांपुढं पेशी. पेशीत दोषी ठरला की सेवापुस्तकात लाल शाईची नोंद. पुढच्या महिन्यात समाधान नायकपदाच्या कोर्सला जाणार होता. नावही लागलं होतं. लाल शाई लागली की कोर्स गेला, बरोबरीचे पुढं गेले, आणि हा बरीच वर्षं तिथंच. एका माणसाची बढती तिनं चार शब्दांत घालवायला काढली होती.

साडेनऊला ती ज्ञानदेवांच्या खोलीत गेली. त्यांची निवृत्ती सव्वातीन महिन्यांवर आली होती. टेबलावर पेन्शनच्या कागदांची जाडजूड निळी फाइल होती आणि तिच्याशेजारी एक घडी घातलेला कागद. तिला पाहून ते उठले.

“साहेब, समाधानला मी जा म्हटलं होतं.”

ज्ञानदेवांनी त्या घडीच्या कागदावर हात ठेवला, तो काढला नाही. मग विचारलं, “आनखी कुनाला सांगितलं व्हतं?”

“कुणालाच नाही. मी आत्ता सरळ कर्नलसाहेबांकडं जाते आणि सांगते.”

“न्हाई.”

“पण चूक माझी आहे, साहेब.”

“व्हय, तुमचीच हाय. पर काल खाली उतरताना पायऱ्या गाळल्या, आता वर चढताना बी गाळनार? मेजरसाहेबांना काय तोंड ऱ्हाईल? त्यांचा माणूस, त्यांचा बंब, त्यांचा अधिकारी, आन् त्यांनाच शेवटी कळनार?” त्यांनी कोरा कागद तिच्यापुढं सरकवला. “बसा. लिवा. मग आपन दोघं मेजरसाहेबांकडं जाऊ.”

ती बसली आणि लिहीत सुटली. दीड पान झालं. समाधानची अडचण, विजयश्रीची भरती, आजारी सासू, स्वतःचा चांगला हेतू, नव्या जागेची अपुरी माहिती, सगळं इंग्रजीत आणि नीटनेटकं. ज्ञानदेवांनी चष्मा लावला, बोट ठेवून सावकाश वाचलं आणि कागद परत दिला.

“लई चांगलं लिवलंय. पर ह्यात तुमी कुटं हाय?”

“म्हणजे?”

“सासू हाय, लेकरू हाय, तुमचं मन बी हाय. चूक कुनी केली ते पार मागच्या पानावर गेलं. ते पयल्या ओळीत आना. बाकीचं खोडा.”

चार वेळा खोडाखोड झाली. शेवटी कागदावर तीनच ओळी राहिल्या. लान्स नायक समाधान यांना गैरहजर राहण्याची तोंडी परवानगी मी दिली. ते कोणत्या ड्यूटीवर आहेत हे मी पाहिलं नाही आणि परवानगी कुणालाही कळवली नाही. या गैरहजेरीची जबाबदारी माझी आहे. खाली सही, तारीख, वेळ. तीन ओळी लिहायला तिला चाळीस मिनिटं लागली होती, आणि लिहून झाल्यावर सकाळपासून पहिल्यांदा तिला पूर्ण श्वास घेता आला.

अकराला समाधान आला. गेटावरच त्याला सगळं कळलं होतं. त्याच्या खांद्यावर लेकराच्या लाळेचा ओला डाग होता. ज्ञानदेवांनी विचारलं, कुठं होतास. तो ताठ उभा राहिला आणि म्हणाला, “माझी चूक झाली, साहेब. जायच्या आधी मी खात्री करायला पाहिजे होती.” एवढंच. करिष्मा तिथंच उभी होती, तरी त्यानं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

“समाधान, माझं नाव का घेत नाहीस?” तिनं विचारलं.

“मॅडम, तुम्ही चांगल्या मनानं सांगितलं होतं.”

तिनं विजयश्रीचं विचारलं. तो अडखळत म्हणाला, “चांगलं पळाली, मॅडम. शेवटाला पहिल्या तिघींत होती.” लगेच गप्प झाला, जणू एवढा आनंद करायचीही आज त्याला मुभा नव्हती.

मेजर जयदीप यांनी कागद वाचला, दोनदा. “मला आज सकाळी बंबापाशीच सांगायला हवं होतंस,” ते म्हणाले. “तरी आलीस ते ठीक. उद्या पेशीत उभी राहा.” ज्ञानदेवांकडं पाहून त्यांनी मान हलवली, आणि कागद फाइलला लागला.

पेशी शुक्रवारी दहाला झाली. समाधानला टोपी आणि पट्टा काढून आत नेलं. आरोपीला तसंच नेतात. टेबलामागं कर्नलसाहेब, एका बाजूला मेजर, दुसऱ्या बाजूला ज्ञानदेव आणि करिष्मा. आरोप वाचला गेला. कर्नलसाहेबांनी विचारलं, कुणाच्या परवानगीनं? समाधान समोर भिंतीकडं बघत राहिला.

“माझ्या, सर,” करिष्मा म्हणाली.

कर्नलसाहेबांनी तीन ओळी वाचल्या. कागद खाली ठेवून ते तिला काही विचारणार, एवढ्यात ज्ञानदेव एक पाऊल पुढं आले. काही बोलण्याची परवानगी मागितली. मिळाल्यावर त्यांनी खिशातून तो घडीचा कागद काढला आणि टेबलावर उलगडून ठेवला.

तो समाधानचा अर्ज होता. बुधवारी सकाळी त्यानं तो हवालदाराला दिला होता. हवालदारानं ड्यूटीचा शेरा मारून, बदली ड्रायव्हरचं नावही सुचवून, बाराच्या आत सुभेदारांच्या टेबलावर ठेवला होता; मंजुरी परत आली नाही म्हणून तक्ता त्यानं बदलला नव्हता. ज्ञानदेव त्या दिवशी दुपारभर पेन्शनच्या कागदांत गुंतले होते. अर्ज निळ्या फाइलीखाली गेला. गुरुवारी सकाळी घंटेनंतर त्यांनी फाइल उचलली तेव्हा सापडला. हे सगळं त्यांनी आपल्या मावळी वळणाच्या हिंदीत, एकही शब्द जास्तीचा न वापरता सांगितलं. जवान बरोबर रस्त्यानं आला होता, साहेब, ते म्हणाले. रस्ता माझ्या टेबलावर बंद होता. म्हणून तो मॅडमकडं गेला.

करिष्मा समोर बघायचं सोडून त्यांच्याकडं बघत राहिली. अठ्ठावीस वर्षं, सेवापुस्तक कोरं, हातात तीन महिने. तो अर्ज कुणीही मागितला नव्हता. तिच्या कागदानं समाधान सुटतच होता. तो एक कागद खिशातच राहिला असता तर तो कुठं अडकला होता हे कुणी विचारलंही नसतं.

समाधानवरचा आरोप रद्द झाला. पट्टा आणि टोपी त्याला तिथंच परत मिळाली. कर्नलसाहेब ज्ञानदेवांना म्हणाले, “साहेब, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती,” आणि ज्ञानदेव म्हणाले, “माझीही नव्हती, साब.” त्यांच्या नावावर नोंद झाली नाही, ते वाक्यच त्यांना पुरे होतं. लेफ्टनंट सोनकांबळेला तोंडी समज मिळाली आणि लागोपाठ तीस दिवस ड्यूटी ऑफिसरचं काम. रोज संध्याकाळची हजेरी तिनं घ्यायची, रोजचा तक्ता तिनं भरायचा, रोज बंबाच्या ड्रायव्हरला स्वतः जाऊन बघायचं.

त्या रविवारी परवानगीनं, कागदावरच्या परवानगीनं, ती दुपारपुरती घरी गेली. जेवता जेवता वडिलांना सगळं सांगितलं. धम्मरत्न हात वाळेपर्यंत ताटावर बसून ऐकत राहिले.

“तुमच्याच सारखं केलं मी, पप्पा,” ती शेवटी म्हणाली. “जा तू, मी बघते.”

“आणि मग काय बघितलंस?”

करिष्मा ताटातला घास चिवडू लागली.

“करू, तू माझं निम्मंच ऐकलंस,” ते म्हणाले. “फोन ठेवला की तू खेळायला पळायचीस. मी पुढं अर्धा तास फोनवर असायचो. त्याच्या मशीनवर दुसरा कोण उभा राहतो ते ठरवायचो, सुपरवायझरला कळवायचो, गेटावर नाव द्यायचो. सोमवारी चिठ्ठी. ‘मी बघतो’ म्हणजे ते सगळं. मशीन काय माझ्या शब्दावर चालतंय होय?”

“आणि बिल किती यायचं त्या फोनचं,” रंभा आतून म्हणाली. करिष्माला हसू आलं, आणि हसता हसता रडूही. दहा वर्षं जपलेलं वडिलांचं वाक्य तिला त्या दिवशी पूर्ण मिळालं. ते आधीपेक्षा मोठं होतं, आणि वडीलही.

शिक्षेचे ते तीस दिवस तिच्या आयुष्यातले सगळ्यात उपयोगाचे दिवस निघाले. अकादमीत अकरा महिन्यांत जे कळलं नव्हतं ते रोजच्या हजेरीनं कळत गेलं. चाळीस माणसांची नावं तर दुसऱ्याच दिवशी पाठ झाली. कुणाच्या घरी कोण आजारी, कुणाचा कोर्स राहिलाय, कुणाची रजा दोनदा पुढं ढकललीय, हे हळूहळू. ज्ञानदेव रोज तिच्याबरोबर असायचे. शिक्षा तिला एकटीला होती, त्यांना नव्हती. तरी एकही संध्याकाळ त्यांनी चुकवली नाही. अर्ज आला की ते म्हणायचे, “बसायच्या आदी वाचा. उटायच्या आदी हो का न्हाई ते सांगा. मधी टेबलावर कायबी झोपाय नको.” हे ते तिला सांगत होते की स्वतःला, हे तिनं कधी विचारलं नाही. तिसाव्या दिवशी तिनं तक्ता भरून त्यांच्याकडं दिला. त्यांनी वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि म्हणाले, “बराबर.” त्या रात्री तिनं आईला फोन करून ते सांगितलं. रंभाला त्यात एवढं काय, ते कळलं नाही, पण लेकीचा आवाज ऐकून तिनं खूप आनंद झाल्यासारखं केलं.

समाधान कोर्सला गेला, नायक होऊन आला. विजयश्री लेखी परीक्षाही पास झाली, यादीत नाव लागलं, आणि एका दुपारी पेढ्यांचा पुडा हवालदारामार्फत सुभेदारांकडं, सुभेदारांमार्फत मॅडमकडं असा एकेक पायरी चढत करिष्माच्या टेबलावर आला. वर पोहोचेपर्यंत तो अर्धा झाला होता, पण रस्ता बरोबर होता.

मग महिन्याची शेवटची तारीख आली. निवृत्त होणाऱ्या माणसाला प्रत्येक विभागाची सही घ्यावी लागते, की याच्याकडं आमचं काही राहिलेलं नाही. ज्ञानदेवांची शेवटची सही करिष्माकडं होती. ते दारात उभे राहिले आणि आत यायची परवानगी मागितली.

“साहेब, बसा,” ती म्हणाली. ते बसले नाहीत. तिनं कागद पूर्ण वाचला, मग सही केली. ‘काही राहिलेलं नाही’ या शब्दांखाली सही करताना तिचा हात थोडा थांबला, कारण ते खरं नव्हतं. त्यांचं सगळंच तिच्याकडं राहिलं होतं.

“साहेब, एक विचारू? तो अर्ज कुणीच मागितला नव्हता. तुम्ही नसता दाखवला तरी समाधान सुटला असता. मग का?”

ज्ञानदेवांनी कागदाची घडी घातली.

“तुमी चोवीस वर्साच्या पोरीनं तीन ओळी लिवल्या, मॅडम. काटछाट करायला मीच बसलो व्हतो. दर खेपंला वाटायचं, ह्यात एक ओळ कमी हाय. ती माजी व्हती. ती तुमी कशा लिवनार?” त्यांनी घडीवरून नख फिरवलं. “आन् तुमी तीन लिवल्यात म्हून मला चौथीचा धीर आला. न्हाईतर मी ती फाइल तशीच ठिवली असती का काय, म्हाईत न्हाई मला.”

करिष्माला वाटत होतं, आजवर या माणसानं तिला दिलं आणि तिनं घेतलं. आपल्या हातून त्यांनाही कधी काही गेलं असेल, हे तिच्या मनात आलं नव्हतं. तिला खूप बोलायचं होतं. “तुमचे उपकार आहेत, साहेब,” एवढंच तिला म्हणता आलं, आणि ते तिनं मान खाली न घालता म्हटलं.

चार वाजता ते साध्या पँटशर्टात बाहेर आले. त्यांना पुनावळ्याला घरी सोडायला डेपोची गाडी तयार होती, स्टिअरिंगवर नायक समाधान. सगळे ओळीनं उभे होते. ज्ञानदेवांनी गळ्यातले हार काढून गाडीत ठेवले, दाराला हात लावला, आणि सवयीनं मागं वळून विचारलं, “गाडीचा कागद?”

करिष्मानं तो पुढं केला. ड्रायव्हर समाधान. जाणं पुनावळे, येणं सहाच्या आत. त्या आठवड्याला समाधान पुन्हा बंबावर होता. त्याच्या जागी बदली ड्रायव्हर, नाव, नंबर, चार ते सहा. हवालदाराची सही, नव्या सुभेदारांची सही, त्याखाली तिची.

ज्ञानदेवांनी खिशातून चष्मा काढला. सगळे ताटकळत उभे असताना त्यांनी बोट ठेवून पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत कागद वाचला.

“बराबर,” ते म्हणाले, आणि गाडीत बसले.